न विचारता नेलेली फांदी

"फांदी खुशाल न्या, पण तिची माहितीही बरोबर न्या. नाहीतर एक दिवस हे अंगाशी येईल," असं नेरेइदा माझ्या मालकिणीला म्हणाली होती. नेरेइदा मालकिणीच्या लेकीची धर्ममाता, म्हणून दोघी एकमेकींना 'कोमाद्रे' म्हणत. मालकीण हसून कॉफी ओतत राहिली. "तू पण ना, कोमाद्रे! सांगून दिलेलं रोप कधी जगलंय का?"

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे, दूधपावडरचा. डोंगरातल्या ओकोआ गावात, माझी मालकीण दोन्या इरेनिया हिच्या ओसरीच्या कठड्यावर माझं आयुष्य गेलं; 'दोन्या' म्हणजे तिकडे वडीलधाऱ्या बाईला मानाने म्हणतात. त्याआधीचा कारखाना वगैरे मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की पावडर संपल्यावर तिच्या नातवंडांनी मला बोटांनी चाटूनपुसून लख्ख केलं आणि मग तिने खिळ्याने माझ्या बुडाला भोकं पाडली. दुखलं, पण त्यानंतरच मी कामाचा झालो. माझ्यात पुदिना वाढला, तुळस वाढली, आणि शेवटी आली मुकी.

मुकीचं कांड उसासारखं जाड, हिरव्या पानांवर पांढरे शिंतोडे. येणारीजाणारी माणसं थांबून बघत. पण कुणी ती चावून खाल्ली तर जीभ सुजते, घसा आवळतो, आवाज फुटत नाही, म्हणून ते नाव. इरेनियाला हे ठाऊक होतं. म्हणून तर मला पोरांच्या हाताला लागणार नाही असं उंचावर ठेवलं होतं.

रविवारी चर्चमधून सुटल्या की बायका आमच्या ओसरीवर जमत. तिथली समजूत अशी, की मागून घेतलेली फांदी वाळते आणि चोरलेली रुजते. म्हणून कॉफी आणायला आत गेलेली यजमानीण मुद्दाम वेळ लावी आणि तेवढ्यात पाहुण्यांची नखं चालत. पुढे कधीतरी आपलंच झाड दुसरीच्या दारात दिसलं, की विचारायचं, "अगं, हे कुठून आणलंस?" आणि तिने म्हणायचं, "पाखरांनी टाकलं असेल." मग दोघींनी पोट धरून हसायचं. अख्ख्या गल्लीची बाग अशीच वाढली होती. माझं केवढं कौतुक व्हायचं तेव्हा!

योकास्ता गल्लीत नवीन होती. तिचा एल्वीन नुकता रांगायला लागला होता. हिरड्या शिवशिवत असल्यामुळे हाताला लागेल ते तोंडात. आई मात्र सावध. बसण्याआधी खुर्चीखाली एखादं बटण पडलंय का, ते बघायची. बायकांनी तिला टोमणा मारला, "पाहुणीसारखी काय बसलीस? हात चालव जरा." इरेनिया आत गेली, तशी योकास्ता लाजत उठली आणि तिने मुकीचं एक कांड मोडलं. चीक माझ्या काठावर ओघळला. कांड पोराच्या दुधाच्या बाटलीशेजारी, पिशवीत गेलं.

इरेनिया दारातच उभी होती. तिने सगळं पाहिलं. पोरगी आपल्यातली झाली म्हणून तिला बरंच वाटलं असावं. सांगायला तिने तोंड उघडलं, आणि रीत आठवून मिटलं.

काही दिवसांनी भरदुपारी योकास्ता अनवाणी धावत आली. कडेवर एल्वीन. तोंड वासून रडत होता, पण आवाज नव्हता. लाळ थांबत नव्हती, ओठ सुजून निळसर झाले होते.

"ह्याने ऊस चावला, दोन्या. तुमच्याकडचा. उन्हात राहावा म्हणून खाली ठेवला होता मी."

इरेनियाने मला कठड्यावरून उचललं आणि शेजाऱ्याच्या मोटरसायकलवर आम्ही सगळे दवाखान्यात पोचलो. झाड समोर दिसल्यामुळे डॉक्टरांना अंदाज करत बसावं लागलं नाही. पोराच्या घशात नळी घातली. ती निघेपर्यंत दोघी बाकावर बसून होत्या, मी त्यांच्या मधे.

"मी मोडताना तुम्ही बघितलं होतंत ना?" योकास्ताने विचारलं.

"बघितलं होतं, पोरी."

"मग?"

इरेनियाने मला उचलून बाकाखाली ठेवलं.

एल्वीन वाचला. आवाज अजून घोगरा आहे. घरी येताच इरेनियाने हाताला पिशव्या बांधून मुकी मुळासकट उपटली, आणि उपटताना तिचा हात थांबला. मागच्या बाजूला, पानांआड, आणखी एका मोडलेल्या कांडाचा खुंट होता. तो योकास्ताचा नव्हता.

ती दारोदार फिरली. बायका सवयीने म्हणाल्या, "पाखरांनी नेलं असेल." मग तिचा चेहरा पाहून, आपण नेलं नाही अशा शपथा घेऊ लागल्या. नेरेइदाला तेवढं आठवलं, की एका रविवारी बसची वाट बघणारी एक अनोळखी बाई कॉफीला थांबली होती. तिच्या कडेवर नातू होता. नाव, गाव कुणी विचारलं नव्हतं. बस आली तशी ती घाईने उठून गेली.

आता मी रिकामाच, अंगणाच्या कोपऱ्यात पालथा पडलोय. गंज चढतोय, त्याचं मला काही नाही. पण मित्रांनो, तुमच्या ओळखीत कुणाकडे रांगतं मूल असेल आणि त्यांच्या दारात पांढऱ्या शिंतोड्यांचं, उसासारखं झाड नव्याने आलं असेल, तर आजच जाऊन या. झाड कुठून आणलं, ते मागाहून विचारा. आधी मूल कुठे आहे ते बघा.