टेबलावरच्या डब्या

रत्नमालाच्या भाषणाला समाजमंदिर गच्च भरलं होतं, पण म्हणून लोक भाषण ऐकायला आले होते असं कोणी समजू नये. धरमसिंग आला होता माइक हातात मिळतो म्हणून. बायका आल्या होत्या जानरावची पोरगी शिकून कशी दिसते ते पाहायला. म्हातारे पंख्याखाली बसायला आले होते, आणि उरलेल्यांचा डोळा चिवड्याच्या पुड्यांवर होता. विज्ञानासाठी आलेलं माणूस एकच, ते म्हणजे स्वतः रत्नमाला.

ती डॉक्टर, पण सुईवाली नव्हे. साठवलेल्या धान्याला कीड का लागते आणि ती मारायला लोक काय काय करतात, यावर तिचं संशोधन. तिच्या आईनं, भागिरथाबाईनं, हे आळीभर सांगून ठेवलं होतं. तरी दोघीतिघींनी भाषणाआधी तिला गुडघे दाखवलेच.

संशोधकानं लोकांशी कसं बोलावं याचं शिबिर तिनं नागपूरला केलं होतं. तिथं शिकवलं होतं की चित्र लोक विसरतात, खरी वस्तू विसरत नाहीत. म्हणून तिनं खरीच वस्तू आणली. गव्हाला सोंडे लागू नयेत म्हणून कोठीत टाकतात त्या गोळ्यांच्या लांबट, सीलबंद डब्या. पुठ्ठ्याच्या खोक्यातून काढून तिनं त्या टेबलावर ओळीनं उभ्या केल्या. घरात वापरायच्या नाहीत त्या ह्याच, हे लोकांनी नीट ओळखून ठेवावं, एवढाच हेतू.

मग ती तासभर बोलली. फॉस्फीन म्हणाली, वायूचं प्रमाण म्हणाली, "जीवितास धोका उद्भवण्याची शक्यता नाकारता येत नाही," असंही म्हणाली. शेवटी गोळ्यांऐवजी धान्य हवाबंद पिशवीत ठेवा, हवाबंद असलं की कीड जगत नाही, हे तिनं तीन वेळा सांगितलं. टाळ्या चांगल्या पडल्या. शाल-नारळ झाला आणि भागिरथाबाई तिला चहाला घरी घेऊन गेली.

आता आमच्या गावाची एक रीत सांगितली पाहिजे. आमच्याकडं बियाण्याची कंपनी येते, खताची येते, फवारणीवाली येते. ते टेबल मांडतात, बोलतात, आणि टेबलावर जे मांडलं ते शेवटी वाटतात. टोपी असो, पिशवी असो, नमुन्याची पुडी असो. मधलं बोलणं म्हणजे वाटपाच्या आधीची कटकट. टेबलावर मांडलं आणि वाटलं नाही, तर पाहुणा चिक्कू ठरतो. या सगळ्या मीटिंगा आजवर धरमसिंगनंच लावल्या आहेत.

चहा घेऊन रत्नमाला परत आली तेव्हा टेबलावर फक्त रिकामं खोकं होतं.

"धरमसिंग काका, डब्या कुठं ठेवल्या?"

"ठेवाच्या कायले? वाटल्या ना," धरमसिंग म्हणाला. "चिवड्यासंग. लाइन लावून. एकालेही दोन नाही देल्ल्या. तुमचं नाव होऊन राह्यलं मॅडम, गावात."

रत्नमालानं खुर्चीचा हात धरला. प्लास्टिकची खुर्ची, तिच्यासकट कलंडली. धरमसिंगला वाटलं, पोरीला आनंदानं भरून आलं.

"काका, ते विष आहे. तासभर मी हेच सांगत होते ना?"

"तुमी सांगतलं कीड मरते म्हनून," धरमसिंगचा आवाज खाली आला. "अन् कीड तं साऱ्याच्याच घरी हाय."

त्यानं माइक घेतला. पण हा माणूस माइकवर गोड बोलायला शिकलेला. "मॅडमनी प्रेमानं देल्लेली भेट, गावकऱ्यांना नम्र विनंती, कृपया परत आनून द्यावी." एक माणूस हलला नाही. पारावर चिवडा खात बसलेला बाबूलाल उलट मोठ्यानं म्हणाला, "अवो, देल्लेलं परत कायले मांगता? लग्नातलं पातेलं हाय काय?" लोक हसले. भेट परत मागणारी पोरगी शिकून चिक्कू झाली, असा निकाल तिथंच लागला.

रत्नमालानं धरमसिंगच्या हातातून माइक ओढला. तिचं शहरातलं मराठी खुर्चीबरोबरच पडलं असावं.

"ह्या डबीतली गोळी ज्या घरात टाकसान, त्या घरात झोपेल मानूस सकाळी उठनार नाही. हे औषध नाही. ही विषाची हवा हाय. मी तासभर बोलली, अन् हेच सांगाचं राह्यलं."

भोंग्यातून ते गावभर गेलं. हसणं थांबलं. सगळ्यात आधी बाबूलाल पळाला, चिवडा तिथंच सोडून, अनवाणी. मग घराघरातून लोक येऊ लागले, डबी हातभर लांब धरून, जसं काही तिच्यात साप आहे. कोणी टेबलावर ठेवली, कोणी लांबूनच लोटली. सगळ्यांची सीलं शाबूत होती. रत्नमाला एकेक खोक्यात बसवत गेली.

खोक्यात एक खाच रिकामी राहिली.

"कोनाकडं राह्यली? काहून बोलत नाही कोनी?"

मागून वैभवी म्हणाली, "गोजरा बुढीनं नेली. लाइनीत पयली तेच होती. तिले घाई होती ना, घरी नातसून राखी बाळंतीन हाय."

बाळंतिणीची खोली कशी असते हे इथल्या प्रत्येक बाईला अंगानं माहीत आहे. वारं लागू नये म्हणून दार लोटलेलं, खिडकी बुजवलेली, बाजेखाली शेकाचे निखारे. आणि गोजराबाईच्या घरात गव्हाची कोठीही त्याच खोलीत, कारण घरात कोरडी खोली तेवढी एकच.

रामकिसनची मोटारसायकल बाहेर उभी होती. त्यानं किक मारली, रत्नमाला मागं बसली. आम्ही बाकीचे मागून पळत.

गोजराबाई ओट्यावर सुपारी कातरत बसली होती. काम उरकल्याचं समाधान तोंडावर.

"आजी, गोळी टाकली काय?"

"टाकली ना. तू सांगतलं तसंच केलं, बाई. कोठीत टाकली, खिडकीवर आनखी एक गोधडी लावली, दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या. तूच तं म्हनलं, हवाबंद पाह्यजे."

तासाभराच्या भाषणातून म्हातारीनं एकच शब्द घरी नेला होता, आणि तो गावातल्या कुठल्याही माणसापेक्षा मन लावून पाळला होता.

"अंदर राखी हाय?"

"राखी हाय, लेकरू हाय. कालच पाचवी पुजली." रत्नमाला दाराकडं वळली तशी गोजराबाई उठून दारात आडवी झाली. "आत नोको जाऊ. दार उघडलं तं वारं लागन." ही अडवणूक नुसत्या वाऱ्यासाठी होती की खालच्या आळीतल्या जानरावची पोरगी आपल्या आतल्या खोलीत जाते म्हणूनही होती, ते म्हातारीलाही सांगता आलं नसतं.

"आजी, अंदर गॅस..."

"गॅस सयपाकघरात हाय."

रत्नमालानं म्हाताऱ्या बाईचे दोन्ही खांदे धरून विचारलं, "सोंडे कायनं मरतात, आजी? श्वास घेतात म्हनून मरतात. लेकरूही श्वासच घेते."

गोजराबाईच्या हातातून अडकित्ता पडला. ती स्वतःच वळली आणि फटीतल्या चिंध्या दोन्ही हातांनी ओढून काढू लागली. पुऱ्या निघायच्या आतच रत्नमालानं पदर नाकाला लावून दाराला धक्का दिला. आधी लेकरू बाहेर आलं, मागून तिच्या खांद्यावर भार टाकून राखी.

राखीला लिंबाखाली बसवलं. तिच्या कपाळावर घाम होता. "डोकं फुटून राह्यलं माह्यं," ती म्हणाली. "मी आजीले म्हनलं, लसनाचा वास येऊन राह्यला. तं आजी म्हने, बाळंतिनीले कायचाही वास येते."

लेकरू रत्नमालाच्या हातात होतं आणि ते रडत नव्हतं. सगळं अंगण त्या एवढ्याशा तोंडाकडं पाहत होतं. गोजराबाई जमिनीवर बसली होती आणि तिचे ओठ नुसतेच हलत होते. बऱ्याच वेळानं, निदान आम्हाला तसं वाटलं, लेकरानं तोंड उघडलं आणि जांभई दिली. मग मान वळवून दूध शोधू लागलं.

"तरी दवाखान्यात न्याचं. आत्ताच. दोघायलेही," रत्नमाला म्हणाली. घराची दारं तिनं लांबूनच सताड उघडी ठेवायला लावली आणि मी सांगेपर्यंत आत कोणी पाऊल टाकायचं नाही, असं बजावलं. धरमसिंग जीप घेऊन आला. राखी, लेकरू आणि सोबतीला भागिरथाबाई, अशी ती वाशीमच्या दिशेनं गेली. धूळ खाली बसली. आता कोणीतरी हसेल, कोणीतरी गोजराबाईला टोमणा मारेल, असं मला वाटलं. आमचं गाव एवढी संधी सोडत नाही.

तेव्हा रामकिसन बोलला. तो अजून मोटारसायकलचं हॅण्डल धरूनच उभा होता.

"लसनासारखाच वास येते काय, रत्ना?"

"हो काका. तसाच येतो."

"उलट्या?"

"होतात."

"अन् मानूस पानी मांगते. सारखं पानी मांगते."

रत्नमालानं त्याच्याकडं वळून पाहिलं. एवढं तर तिनं भाषणातही सांगितलं नव्हतं. अंगणातल्या बायकांनी एकमेकींकडं पाहिलं आणि लगेच नजरा काढून घेतल्या. दोन वर्षांमागं रामकिसन आणि त्याची बायको धनी यांची गोलू, शाळेत जाणारी चांगली धडधाकट पोरगी, रात्रीतून उलट्या करून गेली होती. तेव्हा गावातल्या प्रत्येकाकडं त्याचं एक कारण होतं. कोणी शेलूबाजारातल्या पाणीपुरीला दोष दिला, कोणी बाहेरच्या बाधेला. मीही एक कारण सांगितलं होतं.

"काका, मी पाह्यलं नाही. पाह्यल्याशिवाय नक्की नाही सांगता येत."

"नक्की नोको सांगू," रामकिसन म्हणाला. "नवा गहू भरला होता कोठीत. गोलू कोठीपाशीच निजे. संध्याकाळी गोळी टाकली धनीनं. तिच्या मायनं."

हॅण्डल सोडून तो आमच्याकडं वळला. एकेकाच्या तोंडाकडं पाहत त्यानं हात जोडले.

"धनीले हे कोनी सांगू नका. ती घरीच हाय, तिले काही मालूम नाही. इथून जा, पन तिले सांगू नका."

माना हलल्या. जीप वळणाशी एका पोराच्या हाती देऊन धरमसिंग तेवढ्यात परत आला होता. त्यानं तोंडावरून हात फिरवला आणि अगदी हळू म्हणाला,

"रामकिसन, भोंगा तं मी तुह्याच घरावर बांधला होता, बाप्पा."