लाल ठिपक्यांची गल्ली

आमचे जावई विमा कंपनीत आहेत, म्हणजे कुठे काय वाईट होईल याचा अंदाज बांधायचा पगार घेतात. माणूस सोन्यासारखा, पण आमच्याकडे जेवायला आले तरी आधी गॅसची नळी तपासणार आणि मग पाटावर, म्हणजे आपलं खुर्चीवर, बसणार. मध्यंतरी त्यांनी माझ्यासमोर मोबाईल धरला. शहराचा नकाशा होता, आणि आमच्या गल्लीला गोवर उठल्यासारखे लाल ठिपके आले होते.

"आई, एक ठिपका म्हणजे पोलिसांकडे गेलेली एक तक्रार," ते म्हणाले. "गुन्ह्यांत तुमचा भाग अख्ख्या शहरात वरून तिसरा आहे. इथे लहान मुलीला घेऊन कसं राहायचं?"

आमच्या डोक्यावरचं घर तेव्हाच रिकामं झालं होतं. लेक, जावई आणि माझी तीन वर्षांची नात तिथे राहायला यावीत, एवढंच मला हवं होतं. नातीला आम्ही भिंगरी म्हणतो, का ते तिला पाच मिनिटं सांभाळलं की कळतं. लेक एका पायावर तयार होती. पण जावई शहराबाहेर एका वसाहतीत घर बघून आले होते. उंच भिंत, फाटक, पहारेकरी, आणि नकाशावर एकही ठिपका नाही. तिकडे गेले की नात फोनच्या काचेतच मोठी होणार. नुसत्या विचाराने माझ्या शिवणीतल्या टिपा वाकड्या जायला लागल्या.

"मी लग्न होऊन आल्यापासून इथे कपडे शिवतेय," मी म्हटलं. "माझी कात्रीसुद्धा कधी चोरीला गेली नाही."

"गेली होती की," पेपरामागून आमचे हे बोलले. "मी तक्रार दिली होती."

"ती उशीखाली सापडली."

"सापडली. पण तक्रार दिली होती."

ह्यांना कुठे बोलावं याचा पाचपोच म्हणून नाही. तसा दोष एकट्या ह्यांचा नाही, गल्लीलाच ती खोड आहे. वस्तू दिसेनाशी झाली की आधी चौकीवर फोन, मग पलंगाखाली बघायचं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

लेकीने नवऱ्याला कसंबसं कबूल करवलं, की रविवारी एक दिवस इथे काढू आणि मग काय ते ठरवू. शनिवारी मी गळ्यात टेप अडकवून गल्लीभर फिरले आणि एकेकाला दम भरला. उद्या कुणी भांडायचं नाही, पोलिसांना बोलवायचं नाही, आणि काहीही झालं तरी माझ्या दाराशी यायचं नाही. जावई शांतता बघायला येतायत.

"आग लागली तर?" सलूनवाल्याने विचारलं. त्याची जीभ त्याच्या वस्तऱ्यापेक्षा जास्त चालते.

"तर विझव. पण दाराशी येऊ नकोस."

बेकरीवालीने तर देवाची शपथ घेतली.

रविवारी गल्ली अशी गप्प, की मला माझीच भीती वाटायला लागली. जावई खिडकीतून बघत म्हणाले, "लोक बाहेर का पडत नाहीत? घाबरतात का?" घ्या. आता या माणसाला काय सांगणार? जेवण झालं, नकाशा पुन्हा टेबलावर आला. लेक एक बोलते, जावई दुसरं, आमचे हे भलतंच तिसरं. मी मध्ये पडले आणि आवाज चढला. आणि मग लेक एकदम थांबली.

"भिंगरी कुठे आहे?"

दार उघडं होतं. उंबऱ्यात तिचा एक बूट पडला होता.

जावई अनवाणी खाली धावले, त्यांच्यामागे लेक आणि मी. ह्यांनी तोवर फोन लावलाही होता. सलूनमध्ये एक गिऱ्हाईक अर्ध्या दाढीला साबण लावून एकटंच बसलेलं. त्याने बोलायचं सोडून बेकरीकडे बोट दाखवलं. बेकरीत पावाचा ट्रे उघडा आणि गल्ल्यावर कुणी नाही. पुढे कोपऱ्यावर पोलीस चौकी. जावई आत घुसले.

हवालदाराच्या टेबलावर, हवालदाराची टोपी घालून, भिंगरी बन खात बसली होती. एका बाजूला हातात वस्तरा घेतलेला सलूनवाला, दुसरीकडे कोपरापर्यंत पीठ लागलेली बेकरीवाली.

माझा जीव भांड्यात पडला, आणि पडल्या पडल्या मी कडाडले. "अरे, तुमच्या दुकानांपासून माझं घर दोन दारांवर आणि पोरीला इथवर आणलंत?"

"तुम्हीच म्हणालात, काहीही झालं तरी दाराशी यायचं नाही," सलूनवाला म्हणाला. "मग मी हिला बेकरीत नेलं."

"मी शपथ घेतली होती," बेकरीवाली म्हणाली. "मग आम्ही हिला इकडे आणलं."

हवालदाराने कपाळाला हात लावला. "पोरगी एक, फोन डझनभर. हिने बाहेर पाय टाकल्यापासून वाजतोय. तुमचे साहेब शेवटचे. या गल्लीचं मी करू तरी काय? बादली दिसेना, फोन. मांजर दिसेना, फोन. सापडल्यावर मात्र कळवायला एकाला सवड नाही."

"आणि नोंद?" जावयांनी विचारलं.

"प्रत्येकाची करावी लागते."

जावई भिंगरीला मांडीवर घेऊन बाकावर टेकले. त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत, मी पदर पुढे केला. तर ते हसत होते, आणि डोळ्यांत पाणीही होतं.

"आई, त्या वसाहतीत मी हिला घेऊन घर बघायला गेलो होतो, तेव्हाही ही अशीच निसटली होती," ते म्हणाले. "फाटकातून बाहेर, रस्त्यापलीकडे. पहारेकरी गाड्यांचे नंबर लिहीत होता. कितीतरी माणसं बाजूने गेली, एकानेही हिला विचारलं नाही, बाळ, तू कुणाची." हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. लेकीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. सलूनवाल्याने वस्तरा मिटून खिशात टाकला.

त्याच आठवड्यात त्यांचं सामान वर चढलं. अर्धी गल्ली सामान उचलायला, उरलेली अर्धी कसं उचलायचं ते सांगायला.

राहायला येऊन चार दिवस होतात न होतात, तोच सकाळी वरून जावयांचा आवाज आला. ते चौकीला फोन करत होते, हेल्मेट चोरीला गेलं म्हणून. मी वर गेले. पलंगाखाली हेल्मेट, आणि हेल्मेटमध्ये भिंगरीने बाहुली झोपवलेली.

"सापडलं म्हणून कळवा आता," मी म्हटलं.

जावयांनी बाहुलीसकट हेल्मेट उचललं, आमच्या ह्यांच्यासारखंच शांतपणे.

"राहू दे आई," ते म्हणाले. "आमच्या घराचाही एक ठिपका असू दे."