झेल सुटायलाच हवा

“परत पकडलास,” बेबी डीकन वैतागून म्हणाला. “तो सुटायला हवा, दादा. गाणंच सुटण्याचं आहे.”

रॉडमामाने हातातल्या चेंडूकडे असं पाहिलं, जसं काही तो कोणी दुसऱ्यानेच तिथे ठेवला होता.

बेबी डीकन आमच्याच गावचा रॅपर. डीकन म्हणजे चर्चचा सेवक, पण हा चर्चमध्ये कधी दिसला नाही. पण जॉर्जिया राज्यातल्या प्रत्येक गाडीत त्याचं गाणं वाजतं. नवं गाणं ऐन वेळी सगळं गमावणाऱ्या माणसावर होतं. व्हिडिओचा दिग्दर्शक माझा मामा, रॉडरिक पिटमन. आणि व्हिडिओत गमावणारा माणूसही मामाच. हे दुसरं त्याला शूटिंगच्याच सकाळी, कॅमेरा लावून झाल्यावर कळलं.

मामा इथल्याच कॉलेजकडून फुटबॉल खेळायचा, आमचा अमेरिकन, चेंडू हातांनी फेकायचा नि झेलायचा. अंतिम सामना, शेवटची फेक, आसपास एकही विरोधी खेळाडू नाही, आणि झेल सुटला. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता, तरी मला ते पाठ आहे, कारण गाव विसरूच देत नाही. चर्चच्या जेवणात मिस अर्नेस्टीन तळलेल्या माशाची ताटली त्याच्या हातात देताना दर रविवारी म्हणतात, “दोन्ही हातांनी धर रे, रॉड.” सगळे हसतात. तोही हसतो. मग त्याने कॅमेरा घेतला. लग्नांचं शूटिंग केलं, गॅरेजमध्ये गाणाऱ्या पोरांचे व्हिडिओ केले, मागून आणलेल्या गाड्या श्रीमंत दिसतील अशा उभ्या केल्या. आई म्हणते, कॅमेऱ्यामागे उभं राहिलं की कोणी आपल्याकडे बघत नाही, म्हणून.

डीकनच्या मॅनेजरचा फोन आला तेव्हा मामाने स्वतः शर्टाला इस्त्री केली. “त्यांनी माझं काम पाहिलंय, टामिया,” तो मला म्हणाला.

मॅनेजर मैदानात म्हणाला, “काम? हो, काम बरंय. पण असा झेल सोडलेला दिग्दर्शक दुसरीकडे कुठे मिळणार? तेवढा परत सोड. पुढच्या सगळ्या गाण्यांचे व्हिडिओ तुझे.”

फेकायला मी होते. शाळेच्या मुलींच्या संघात मीच फेकते, आणि माझी फेक कशी असते ते शेजारच्या गावातल्या पोरींना विचारा.

दृश्य संथ दिसायचं होतं, म्हणून मामाने गाणं दुप्पट वेगाने लावलं. नंतर सगळं निम्म्या वेगाने दाखवलं की ओठ बरोबर जुळतात. त्यामुळे ते दुःखी गाणं खारींच्या भांडणासारखं ऐकू येत होतं, आणि डीकन रडका चेहरा करून भराभर ओठ हलवत होता. मी पोट धरून हसले. मग मामा धावला, आपला दुखरा गुडघा घेऊन, वळला, हात वर गेले. थप्प. पकडला. परत धावला. थप्प.

बाकांवर गर्दी म्हणून बसवलेले गावकरी उठून टाळ्या वाजवायला लागले.

“तुम्हाला रडायचंय,” मॅनेजर ओरडला. मग मामाकडे वळून म्हणाला, “तेव्हा तर बरं जमलं होतं.”

मामा धापा टाकत माझ्याजवळ आला. “हात ऐकत नाहीत गं. तू वाईट फेक.”

“मला वाईट फेकता येत नाही.”

“टामिया.”

“सोडायचा तर तू सोड, मामा. मी चांगलाच फेकणार.”

“बरोबर आहे तुझं,” तो म्हणाला आणि जागेवर गेला.

मी फेकला. त्या दिवसातली माझी सगळ्यात सुंदर फेक. चेंडू त्याच्या तळव्यांत नीट बसला. मग त्याने बोटं उघडली.

बाकांवर कोणी डोक्याला हात लावला नाही. सगळे नुसते बसून राहिले.

“हाच ठेवायचा,” मॅनेजर म्हणाला.

गाडीत बसून मामाने ते दृश्य निम्म्या वेगाने लावलं. चेंडू तरंगत येतो. हातात बसतो. एकेक बोट सुटतं. अगदी स्पष्ट.

“हे तर मुद्दाम सोडल्यासारखं दिसतंय,” मी म्हणाले.

“त्यांना आवडलंय,” तो म्हणाला आणि पडदा बंद केला.

व्हिडिओ सगळीकडे गेला. डीकनच्या पुढच्या गाण्यांचे व्हिडिओ मात्र अटलांटाच्या कोणीतरी केले. आणि आमच्या गावाने तो झेल फोनवर थांबवून थांबवून पाहिला. न्हाव्याच्या दुकानात पहिल्यांदा कोणीतरी म्हणालं, “बघा, हातात होता. म्हणजे तेव्हाही त्याने मुद्दामच सोडला.” आठवडाभरात ते सगळ्यांना आधीपासूनच माहीत होतं.

रविवारी चर्चमध्ये जेवणाची रांग होती. मामाची पाळी आली. त्याने सवयीने हसून दोन्ही हात पुढे केले.

मिस अर्नेस्टीननी ‘दोन्ही हातांनी धर’ म्हटलंच नाही. त्यांनी ताटली त्याच्या हातांच्या बाजूला, टेबलावर ठेवली, आणि माझ्यासाठी दुसरी भरायला घेतली.

मामाचे हात अजून तसेच पुढे होते.