पत्र्याचं पीठ

वाशीमच्या बाजारात मेथी-कोथिंबीर विकून शुभांगी परतीच्या ऑटोत बसली, तेव्हा तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. घरी आज किशन, तिचा नवरा, छपराचे जुने सिमेंटचे पत्रे उतरवणार होता, आणि तेही तिच्याच हट्टापायी.

दिवाळीपासून तिनं घर डोक्यावर घेतलं होतं. मोबाइलवर एका डॉक्टरचा व्हिडिओ तिनं पाहिला होता: या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं, त्याचे बारीक तंतू छातीत गेले की वर्षानुवर्षं तिथंच रुतून बसतात, पुढे कॅन्सरही होतो. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि फोन पिशवीत गेला. शुभांगीला अर्धं ऐकलेलंही पुरून उरायचं. त्या पत्र्याखाली झोपलेल्या आपल्या पोराकडे, सार्थककडे, पाहिलं की तिची झोप उडायची. सासरे गुलाबराव म्हणायचे, "आमी जलम काढला याच्याखाली, काय झालं आमाले?" पण ऐकेल ती शुभांगी कसली! शेवटी किशननं टिनाचे नवे पत्रे आणून टाकले. "तू बाजारातून येईस्तोवर तुह्या डोक्यातलं भूत उतरवून टाकतो," सकाळी तो हसत म्हणाला होता.

ऑटो भरेपर्यंत तिनं तोच व्हिडिओ पुन्हा लावला. खरं तर आपलंच कसं बरोबर, हे तिला परत एकदा ऐकायचं होतं. या वेळी तो शेवटपर्यंत चालला.

"पत्रा साबूत असेल तर धोका कमी," डॉक्टर सांगत होते. "तो फोडू नका, कापू नका. खरा धोका धुळीचा. काढायचाच तर जाणत्या माणसाकडून, ओला करून, अख्खा काढा. मुलांना जवळ येऊ देऊ नका."

शुभांगीनं व्हिडिओ बंद केला. तिनं किशनला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच.

"दादा, चाला ना आता! भरते ना वाटेत!" ती ऑटोवाल्यावर खेकसली. तो निघाला खरा, पण रस्त्यातला प्रत्येक खड्डा त्याला आजच जपून पार करायचा होता.

फाट्यावर उतरून ती धावत सुटली. लांबूनच घणाचे घाव ऐकू आले. छप्पर केव्हाच उतरलं होतं. किशन अंगणात पत्रे फोडत होता आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल होऊ नये म्हणून गुलाबराव ते तुकडे वाटेवर अंथरत होते. सगळीकडे पांढरी धूळ उडत होती.

"फोन काहून नाई उचलला?"

"हातात घन होता ना! पाह्य, काढलं का नाई तुहं भूत?"

सार्थक ओट्यापाशी बसून विटेनं तुकडे रगडत होता. भुवया पांढऱ्या, ओठ पांढरे.

"आई, माही चक्की! किती पीठ पाह्यजे तुले?" त्यानं ओंजळ भरून पुढं केली आणि लाडात फुंकर मारली.

शुभांगीनं वाफ्यातला पाण्याचा पाइप ओढून आणला आणि पोरावर, नवऱ्यावर, तुकड्यांवर धरला.

"अवं, याड लागलं का तुले?" गुलाबराव ओरडले.

"हात नका लावू त्या पत्र्याले, मामाजी! मीच केलं हे, मीच!" पोराला वाचवायला निघालेली ती, आणि तिच्याच हट्टानं ही धूळ त्याच्या तोंडापर्यंत आली होती. स्वतःचा तिला इतका राग कधी आला नव्हता.

सार्थकला मात्र सगळा खेळच वाटला. तो पाण्यात नाचू लागला, तोंड उघडून खदखदा हसू लागला.

"हसू नको, बापा," ती रडत म्हणाली. "तोंड मिट. घडीभर श्वास नको घेऊ."