सात पिढ्यांचा धागा

"निकला! निकला!" फ्रीगंज भागातल्या बाबाजींच्या मंडपात शे-दीडशे माणसं ओरडली. ईराने मिठाच्या पाण्याची गुळणी ग्लासात टाकली होती. बाबाजींनी त्यात चमचाभर 'तीर्थ' घातलं, थर्मासमधलं गार 'अमृत' ओतलं, आणि पांढरा धागा तरंगत वर आला.

"सात पीढ़ियों का दोष है! ऐसे इक्कीस धागे निकालेंगे. तब तक पराया खून बंद!"

ईराच्या वडिलांनी, जयंतने, हात जोडले. सात वर्षांच्या ईराला थॅलेसेमिया होता. दर तीन आठवड्यांनी दुसऱ्याचं रक्त चढवावं लागायचं. ते बंद केल्यावर थोड्याच दिवसांत तिचे ओठही पांढरे पडले.

धागा कसला, ते मी पहिल्याच दिवशी मंडपात ओळखलं. पण मी त्यांच्या ओळखीतला निवृत्त ग्रंथपाल; सगळं नुसतं वाचलेलं. चुकत असलो तर? या विचारात महिना घालवला.

शेवटी नानाखेड्याला जयंतच्या घरी गेलो. स्वतः तशीच गुळणी केली, भांड्यांच्या साबणाचं पाणी घातलं, वरून गार स्पिरिट ओतलं. धागा आला.

जयंत दचकला. "काका, म्हणजे दोष तुम्हालाही आहे!"

ईरा म्हणाली, "आणि बाबाजींना?"

गुरुवारी तिने मंडपातच विचारलं, "बाबाजी, आप भी थूको ना."

"साधू की लार प्रसाद होती है, बिटिया."

"तो प्रसाद ही दे दो, महाराज!" मागून कोणीतरी ओरडलं. लोक हसले. बाबाजी तडक उठले. जयंतने थर्मास उघडून हुंगला. स्पिरिट.

रुग्णालयाकडे जाताना मी त्याला सांगितलं, "तो धागा म्हणजे तोंडातल्या पेशींचा डीएनए. साबणाने पेशी फुटतात, गार स्पिरिटमध्ये तो गोळा होतो. सगळ्यांचाच होतो. दुभंगण्याआधी पेशी त्याची पूर्ण नक्कल काढते. हिमोग्लोबिनसाठी त्यातल्या तुकड्याची आरएनए नावाची वेगळी नक्कल काढते. ईराच्या मूळ प्रतीतच चूक आहे, म्हणून नकलेतही येते. थुंकीतून कितीही धागे काढ, तिच्या हाडांतल्या रक्त बनवणाऱ्या पेशी तीच चूक उतरवत राहणार."

"चूक आमच्याकडून आली?"

"तुझ्याकडून आणि चारुलताकडून, आई-बाप दोघांकडून. पण ते पाप नव्हे, जयंत."

रक्त चढलं, पण हृदय थकून गेलं होतं. चौथ्या दिवशी ईरा गेली.

मंडप पुन्हा भरतो. "इक्कीस पूरे कहाँ हुए थे!" असं तिथे सांगतात.

मीठ आणि साबण तुमच्या घरात आहे, स्पिरिट औषधाच्या दुकानात मिळतं. स्वतः करून बघा. आणि कळलं, तर माझ्यासारखे महिनाभर गप्प बसू नका.