नादबाबाच्या मठातली मैना

भातकुलीच्या मठात भर दुपारी दोनशे माणसं श्वास रोखून बसली होती. नादबाबांनी समाधीच्या दगडावर हात आपटला.

"आत्म्याले देह नसते, पन गळा असते! बोल, पोरी!"

समाधीतून हाक आली. "आई... आई... आई..." विहिरीच्या तळातून यावी तशी, विरत जाणारी. मग कुजबूज, "मले एकटीले भेव लागते. इंदूले माह्यापाशी ठेव... ठेव... ठेव..."

माझ्या शेजारी जाईबाई, माझी मावशी, बसली होती. तिची मैना मागच्या वर्षी तापानं गेली होती. धाकट्या इंदूचा हात धरून मावशी उठली, तिला मठात कायमची सोडायला.

"मावशी, आजचा दिवस थांब."

"काहून थांबू, धर्मपाल? माही लेक रडून राहिली तिथं!"

मी पदर धरून तिला खाली बसवलं. अकोल्यात लाऊडस्पीकरच्या दुकानात माझी सहा वर्षं गेली होती, आणि एक गोष्ट मला खटकत होती. हाक आणि कुजबूज, दोन्ही सारख्याच मोठ्या ऐकू आल्या होत्या. माणसाची कुजबूज कधी मागच्या रांगेपर्यंत पोचते? बटण फिरवून कोणी हाक दाबली आणि कुजबूज वर उचलली, तरच.

सरपंच खुशालरावांना सोबत घेतलं आणि समाधीमागची फळी ओढली. आत लाऊडस्पीकर, टेपरेकॉर्डर आणि घामाघूम झालेला एक शिष्य!

"भस्म होशीन!" बाबा गरजले. मी काही भस्म झालो नाही.

"पन आवाज मैनेचाच होता," मावशी म्हणाली.

मी त्याच यंत्रात "आई" म्हणालो आणि फीत दुप्पट वेगानं फिरवली. माझा घोगरा आवाज पोरीचा झाला. वाजलेला आवाज पुन्हा पुन्हा फितीवर घेतला, तसे मागोमाग पडसाद उमटले. "आई... आई... आई..."

मावशी कळवळली. "हे तं माही मैनाच!"

"माहा आवाज हाय, मावशी. तुह्यासमोर बोललो ना?"

ती यंत्राजवळ सरकली. मग हळूच म्हणाली, "एकदा अजून लाव."

मी लावला. तिनं डोळे मिटून ऐकला, आणि इंदूला घेऊन घरी गेली.

गेलेल्या माणसाची हाक ऐकू आली तर रडा, मनसोक्त रडा. पण पोटचं पोर कुणाच्या हवाली करण्याआधी, ती हाक कुठून येते ते मागं जाऊन एकदा बघा.