शेडसमोरची वंदना

दवाखान्यात शेवटी शेवटी रत्नमाला एकच बोलायची. "मला शेडमधीच न्या. भांडायचं नाय कुणाशी. पण न्यायचं तिथंच."

आमचं गाव बिडकीनच्या अलीकडं आहे. गावाच्या स्मशानात ग्रामपंचायतीनं पत्र्याचं शेड बांधलं, चौथरा केला, लोखंडी फाटक बसवलं. आम्ही बौद्ध लोक मात्र आमचं माणूस नाल्याकाठी जाळतो. तिथं पत्रा नाही, चौथरा नाही. पावसाळ्यात चिता पेटत नाही, डिझेल ओतावं लागतं. विचारलं की गाव म्हणतं, "तुमचं पहिल्यापासून तिकडंच आहे."

माझी बायको रत्नमाला विहारात वंदना घ्यायची. भांडून मिळालेलं टिकत नाही, असं तिचं म्हणणं. म्हणून तिनं एक रीत पाडली. दर पौर्णिमेला संध्याकाळी बायकांनी पांढऱ्या साड्या नेसून शेडच्या फाटकासमोर बसायचं. त्रिशरण, पंचशील म्हणायचं, सगळ्या गावाचं भलं चिंतायचं आणि उठून मुकाट्यानं घरी यायचं. घोषणा नाही, शिवी नाही. सुरुवातीला गावातले शिट्ट्या मारायचे. पुढं सवय झाली. फाटकाची किल्ली माजी सरपंच नानासाहेबांकडं असते. त्यांच्या घरच्या द्वारकाबाई तर बायकांना किटलीभर चहा पाठवू लागल्या, सोबत कागदी कप. रत्नमाला तो प्यायची. "आज चहा आला, उद्या किल्ली येईल," म्हणायची.

ती गेली भर पावसाळ्यात. तिरडी उचलायच्या आधी जावई राजकुमार मला म्हणाला, "मामा, पहार घेतलीय. कुलूप राहत नाय."

"पहार घरी ठेव. तिनं भांडू नका म्हटलंय."

"अन् नाय उघडलं तर?"

"आज उघडतील."

फाटकाशी नानासाहेब आणि गावातले बरेच जण उभे होते. कुणाच्या हातात काही नव्हतं. आम्ही तिरडी खाली ठेवली. रत्नमालाची सगळ्यात जुनी सोबतीण सरूबाई पुढं झाली.

"नाना, चहा लई पाजला. आता किल्ली द्या."

"का, साखर कमी पडली का सरूबाई?"

दोघं-तिघं हसले. मग नानांनी तिरडीकडं बघून हात जोडले, मला म्हणाले, "देवमाणूस होती. कडुबा, आधी वंदना होऊ दे. मग बघू."

मग बघू म्हणजे किल्ली, असं मी धरलं.

बायका नेहमीसारख्या ओळीत बसल्या. त्रिशरण झालं, पंचशील झालं. गावाचं भलं चिंतून झालं. नानांच्या माणसांनीही टोप्या काढल्या होत्या. शेवटचं "साधू, साधू, साधू" झालं आणि बायका उठल्या, पदर झटकले आणि घराकडं चालू लागल्या. दर पौर्णिमेला चालायच्या तशाच. कुणी ठरवलं नव्हतं. पाय वळले. त्या वळल्या तशी खांदेकऱ्यांनी तिरडी उचलली आणि तेही वळले. मी "थांबा" म्हणालो, पण रडण्यात ते कुणाला ऐकू गेलं नाही.

थोडं पुढं गेल्यावर सरूबाईच्या ध्यानात आलं, की आपण तिरडी घेऊनच परत निघालोय. ती मटकन रस्त्यातच बसली. तोवर गावातले लोक आमच्या आणि फाटकाच्या मधी येऊन उभे राहिले होते.

नाना म्हणाले, "झालं ना सगळं नीट? आता परत कशाला? तिला शांतता आवडायची."

राजकुमार माझ्याकडं बघत होता. पहार घरी होती.

नाल्याकाठी लाकडं ओली होती. डिझेल लागलं.

पुढच्या पौर्णिमेला सरूबाई दारात आली. "चल कडुबा. तिचं मोडायला नको."

गेलो. वंदना झाली, बायका उठल्या. मी उठलो नाही.

"ऊठ की," सरूबाई म्हणाली.

"तुम्ही व्हा पुढं."

कुणीतरी येईल, विचारेल, हाकलून तरी देईल, असं वाटलं. कुणी आलं नाही. डास चावायला लागले तेव्हा घरी आलो.

तेव्हापासून दर पौर्णिमेला मी तसाच मागं बसून राहतो. आधी येणारे-जाणारे वळून बघायचे. आता बघत नाहीत.

परवा बायका गेल्यावर नानासाहेबांचा गडी एक कागदी कप घेऊन आला.

"बाईंनी दिलाय. म्हणाल्या, कडुबा उशिरा उठतात, त्यांचा निराळा नेत जा. घ्या, गार होईल."